बदलीवर मिळालेले ब्याण्णव गुण

आदरणीय अध्यक्ष कृष्णरावजी, मंचावरचे मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या सुहासिनीबाई, आणि थेट छत्रीबागेतून पायी आलेल्या माझ्या मिलवाल्या बंधुभगिनींनो, सगळ्यांना वासुदेवचा नमस्कार.

बावीस वर्षं मी मिलमध्ये टाइमकीपर होतो. मिल बंद झाली, आता घरातलं घड्याळ बघतो. हसा भिया, हसा.

बाई उद्या मुलाकडे नागपूरला चालल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आम्हा पन्नाशीच्या लोकांना स्नेहलतागंजच्या सायबर कॅफेत इंटरनेटवरच्या इंग्रजी कोर्सला बसवलं. म्हणाल्या, "इथे भोंगा नाही, मुकादम नाही. कधी आणि किती शिकायचं, तुम्हीच ठरवा. फक्त दर शनिवारी, काय जमलं नाही ते मला ईमेलने कळवा." आता सांगा, जन्मभर भोंग्यावर पाऊल उचललेल्या माणसाने स्वतःचं ठरवायचं कसं? कॉम्प्युटरपुढे बसलो की माझे हातच चालत नसत.

मिलची रीत तुम्हाला माहीत आहे. कायमचा माणूस आला नाही, की त्याच्या मागावर बदलीवाला उभा. नोंद मीच करायचो. तेच मी कोर्समध्ये केलं. माझ्या जागी मुलीला, ऋजुताला, बसवलं. धडे तिने केले, परीक्षा तिने दिल्या, ब्याण्णव गुण तिने मिळवले. बाई, शनिवारच्या माझ्या अडचणीसुद्धा तिनेच मनाने रचून लिहिल्या. तुम्ही उत्तर पाठवलंत, 'इतक्या प्रामाणिकपणे स्वतःकडे बघणारा विद्यार्थी मला भेटला नाही.' तिने ते मराठीत करून सांगितलं, आणि मी ताटावरून उठलो.

खैर. ते ब्याण्णव गुण बघून बाईंनी तुकोगंजच्या एका दवाखान्यात रिसेप्शनसाठी माझ्या नावाची चिठ्ठी दिली आहे. जागा एकच. मुलाखत सोमवारी. आठ दिवस मी आरशापुढे उभा राहतोय, 'माय नेम इज वासुदेव'च्या पुढे गाडी जात नाही. एक्कावन्न वर्षांचा आहे मी. ही नोकरी गेली तर दुसरी कोण देणार? घरी काय सांगू? भीती वाटते हो. फार भीती वाटते.

पण सोमवारी मी तोंड उघडलं, की बाईंचा शब्द खोटा पडणार. समोर आमच्या मिलच्या उषाताई बसल्या आहेत. दोनदा नापास, तिसऱ्यांदा सत्तेचाळीस. चुकलेला धडा वहीत उतरवून पुन्हा पुन्हा करायच्या. बाई, त्या गुणांसाठीचा आजचा सत्कार मला नको. ही घ्या ती चिठ्ठी, फाडा आणि उषाताईंच्या नावाने दुसरी लिहा. आत्ताच लिहा, नाहीतर रात्रीतून माझं मन फिरेल.

आयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. प्रसंग निरोपाचा आणि मी आपलंच रडगाणं गायलो, ते पोटात घाला. मला काय बोलायचं ते बोला. ऋजुताला मात्र कोणी काही म्हणू नका. पहिल्याच दिवशी ती रडत म्हणाली होती, "पप्पा, मी शिकवते ना तुम्हाला." मीच ऐकलं नाही.