रेशमी झूल

फैजपूरच्या अधिवेशनात अध्यक्षांचा रथ बैलांनी ओढला, पाहिलं होतं ना? त्या रथाला खरं तर माझी जोडी जुंपायची! शेजारच्या दगडूचे बैल कायम माझ्या डोळ्यांत सलायचे. त्यांच्यापेक्षा माझे उठून दिसावेत म्हणून निवडीच्या दिवशी मी उसनी मागून आणलेली रेशमी झूल माझ्या जोडीच्या पाठीवर घातली.

निवडणारे म्हणाले, "बैल झकास, पण झूल विलायती? स्वराज्याच्या रथाला?"

"काढतो की!" म्हणालो. तोवर खादीची झूल घातलेली दगडूची जोडी पसंतही झाली.

अन् ती रेशमी झूल मला दिली कोणी? दगडूनेच! अजून दर पोळ्याला कुंपणावरून हाक मारतो, "भाऊ, झूल पाह्यजे का?"