भरतीसाठी सोडलेली दोरी

टपावर सायकल बांधतोयस ना, मग आधी माझं ऐक यार. मागे मी एक सेकंडहँड कनू घेतली होती, म्हणजे दोघांपुरती हलकी होडी. ती अंधेरीहून गोराईच्या खाडीवर न्यायची होती. गाडीच्या कॅरियरवर बांधायला सासऱ्यांनाच बोलावलं. ते वेसाव्याचे कोळी, सगळा जन्म होडीवर गेलेला. त्यांच्या गाठी बघून म्हटलं, झकास, आपण कशाला हात लावायचा?

मालाडच्या सिग्नलला जोरात ब्रेक मारला आणि होडी सरकून थेट काचेवर आली. समोरचा रस्ताच दिसेना. उतरून बघतो तर एकही गाठ सुटली नव्हती. दोरीच हातभर ढिली होती!

गाडीतच बसलेल्या सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, एवढी ढिली?"

"मग? भरती आली की होडीला वर यायला जागा नको? ताठ बांधली तर जागीच पाणी घेते."

"अहो, लिंक रोडवर भरती कुठून येणार?"

ते शांतपणे उतरले, होडी मागे ढकलली, दोरी आवळली आणि म्हणाले, "येणार नाही ना? मग भरती गाठायची असल्यासारखी गाडी कशाला पळवत होता, जावई?"