खडूची रेघ आणि वेशीचा उतार

अध्यक्षस्थानी बसलेले डॉक्टरसाहेब, मंचावरचे पाहुणे, आपल्या सायकल मंडळाचे सभासद, माता-भगिनी, आणि ज्यांच्यासाठी आज ही सभा भरली त्या आपल्या बाई,

सगळ्यांना नमस्कार. आधी माफी मागतो. औषधवाले सचिव पंधरा दिवस पाठीस लागले होते, भाषण लिहून द्या म्हणून. मी लिहिलं आज दुपारी. चार कागद फाडले. आमची मंडळी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, नट आवळायला एवढा वेळ लागत नाही तुम्हाला!" तिला काय ठाऊक, गोष्ट नटाचीच आहे.

दाराजवळच्यांना एक विनंती. बाहेर बाईंची निळी सायकल उभी आहे, तिला कोणी हात लावू नका. पोरं घंटी वाजवतात, गिअर फिरवतात, मग माझा जीव जातो. उद्या सकाळी बाई तिच्यावरूनच लेकीच्या गावी राहायला निघणार आहेत. नव्वद किलोमीटर, डोंगर ओलांडून. आपण सगळ्यांनी सांगितलं, गाडीने जा. तर म्हणाल्या, "जन्मभर मुलांना भूगोल शिकवला, आता जाताना तो काचेतून बघू?" पण त्या वाटेवर जुन्या तटबंदीचं गाव लागतं, आणि त्या गावात वेशीकडचा उतार आहे. हसलात ना? तो उतार म्हटलं की तुम्ही हसता. मला घाम फुटतो.

नऊ वर्षांपूर्वीचा तो रविवार आठवा. चौदा सायकली, बाई सर्वांत पुढे, मी मागून टेंपोत, मांडीवर पान्यांची पेटी. गल्ली अरुंद, दोन्हीकडे दगडी घरं, पायाखालची फरशी शेकडो वर्षांत घासून गुळगुळीत झालेली. खाली वेशीपाशी नळ, तिथे चार-पाच बायका पाणी भरत होत्या. बाईंनी घंटी वाजवली. पुन्हा वाजवली. मग ती थांबेचना. मला वरून दिसत होतं, त्यांनी दोन्ही ब्रेक आवळलेत, मागचं चाक नुसतं घसरतंय आणि पुढचं मोकळं पळतंय. नळावरची एक बाई भरला हंडा धरून जागच्या जागी उभी राहिली. आपल्या बाईंनी हँडल वळवलं आणि स्वतःला भिंतीवर घातलं.

गळ्याखालचं हाड मोडलं. डॉक्टरसाहेब, तुम्हीच बसवलंत. तुमच्या देखत बाई म्हणाल्या, "चूक माझी. ब्रेक उशिरा दाबला." तेव्हापासून आपण त्यांना घसरगुंडी म्हणतो. आज त्यांच्या हाराला कोणीतरी तशी चिठ्ठीही लावली आहे. नऊ वर्षं हसतोय आपण. मीही हसलो आहे.

बाईंनी ब्रेक वेळेवर दाबला होता.

माझी एक रीत आहे. एक नट आवळायचा, त्यावर खडूची रेघ ओढायची, मगच दुसरा. रेघ असली म्हणजे काम झालं. त्या सकाळी चौदा सायकली तपासायच्या होत्या आणि सचिव घाई करत होते. मी शहाणपणा केला. आधी सगळ्या नटांवर रेघा ओढून घेतल्या, म्हटलं आता भराभरा आवळत जाऊ. मध्येच कोणाचं तरी पंक्चर निघालं. ते काढून आलो, बाईंच्या पुढच्या ब्रेकची तार धरणारा नट पाहिला, रेघ दिसली आणि पुढे गेलो.

बोललो का नाही? भीती वाटली. माझ्या हातात सायकल कोण देणार, या भीतीने जीभ उचलली नाही. दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही.

बाईंना हे कळलं होतं का? ऐका. तिसऱ्या आठवड्यात, हात गळ्यात बांधलेला, एका हाताने सायकल ढकलत त्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानी आल्या. "काका, पुढची तार निसटलीय. नीट बसवून द्या." नटावर माझी रेघ तशीच होती. त्यांनी ती अंगठ्याने पुसली आणि म्हणाल्या, "दुकान बंद-बिंद करायचं डोक्यात आणू नका. मला दुसऱ्याचा हात चालत नाही." त्यानंतर सायकल माझ्याकडे तपासायला आणायचा एकही शनिवार त्यांनी चुकवला नाही.

साहेब घड्याळ बघताहेत. आवरतो.

आज मी ती सायकल सहा वेळा तपासली. एकेक नट आवळला आहे. रेघ मात्र एकाही नटावर ओढलेली नाही. बाई, हा खडू घ्या. चहा झाला की बाहेर या, पाना माझ्या खिशात आहे. प्रत्येक नट स्वतः आवळून बघा आणि पटलं तर रेघ तुम्ही मारा. नाही पटलं, तर दुसऱ्याला दाखवा. मला वाईट वाटणार नाही. वाटेल, पण सांगणार नाही.

आणि मंडळी, ती चिठ्ठी काढा. ते नाव कोणाला द्यायचंच असेल तर मला द्या.

तुम्ही ऐकून घेतलंत, उपकार झाले. शिक्षण सातवीचं, कुठे शब्द वाकडा गेला असेल तर पदरात घ्या. बाई, तुम्हाला शेवटचं एकच सांगणं. तो उतार उतरलात की नळापाशी थांबा आणि तिथूनच फोन करा. लेकीच्या घरी पोचल्यावर नको, तिथूनच. मी उद्या सकाळी सातपासून दुकानात फोनजवळ बसलेला असेन.