माळ्यावरचा आंबेमोहोर

आंबेमोहोराचा विषय निघालाच आहे तर ऐका. लढाईचे दिवस होते. लोणावळ्यात रेशनवर जाडीभरडी ज्वारी मिळायची, आणि आमच्या माळ्यावरून मात्र रोज दिवेलागणीला ताज्या आंबेमोहोर भाताचा वास यायचा. मी भाकरी थापता थापता डोळे मिटून घ्यायचे. वाटायचं, माहेरी परंदवडीला पंगतीत बसलेय आणि कुणीतरी पानात वाफाळता भात वाढतंय.

शेजारच्या काकूंचे डोळे मात्र टक्क उघडे. एके संध्याकाळी तरातरा घरात आल्या. "वहिनी, माळ्यावर पोती दडवलीत ना? उद्या कचेरीत सांगतेच!"

धान्य दडवणं म्हणजे तेव्हा थेट तुरुंग. तेवढ्यात लाकडाची मोळी घेऊन ठाकरवाडीचे आबा आले. उंबऱ्यातच त्यांनी हुंगलं आणि हसले.

"ताई, ह्यो भात न्हाई. उदमांजर हाय. त्याच्या अंगालाच असा वास असतोय."

काकूंचा विश्वास बसेना, म्हणून आबा शिडीवर चढले. वरूनच म्हणाले, "लेंड्या अन् फळांच्या बिया, दुसरं काय बी न्हाई. पिल्लं बी न्हाईत. उद्या त्ये भाईर गेलं की कौलाची फट बुजवतो. मंग वास बी जाईल."

काकू माळ्याकडे बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आबा, एवढी काय घाई आहे?"

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्या भाकरीचं ताट घेऊनच आल्या. म्हणाल्या, "वहिनी, माझा पाट जरा माळ्याखालीच मांडा."