आईचं जोडवं

हे एकाच पायात नवं जोडवं कसं, म्हणून विचारता ना, तर ऐका. बुलढाण्याहून एसटीने लोणारला माहेरी निघालो होतो. गाडीत चढताना कुणाचा तरी दुधाचा कॅन माझ्या पायावर आदळला, तोही नेमका जोडव्याच्या बोटावर.

बोट फुगायला लागलं तसं आमचे हे म्हणाले, "जोडवं काढून घे, रुतून राह्यलं."

मी म्हटलं, "तुम्ही धडधाकट बाजूले बसले, अन् मी जोडवं काढू?"

"त्यानं मी काही मरत नाही."

"असं वंगाळ बोलू नका गाडीत."

सुलतानपूर येईपर्यंत बोट काळंनिळं झालं. लोणारच्या दवाखान्यात डॉक्टरांनी शेवटी जोडवं कटरने कापलं. आईने वर्षानुवर्षं वापरून लग्नात मला दिलेलं जोडवं होतं ते. त्याचे दोन तुकडे रुमालात बांधून नेले आणि रडत तिच्यापुढे ठेवले.

"वेळेवर काऊन नाही काढलं वं?" आई म्हणाली.

"बाबा असताना तू काढलं असतं काय?"

"वावरात निंदाले जातांनी रोज काढून ठेवो मी, चिखलात हरपू नये म्हणून. तुहा बाप तं पाय, आजही समोर बसून चहा पेऊन राह्यला."