मुठीखालचे तीन ठिपके

पारखी : या चार सुऱ्या एका बाजूला ठेवतो, काकू. आणि या पाच इकडे.

लेक : वेगळ्या का? बाबा गेले तेव्हा कपाटात याच नऊ राहिल्या होत्या. सगळ्या त्यांच्याच हातच्या. प्रत्येकीवर मासा आहे बघा.

पारखी : मासा आहे, छाप खरी आहे. पण या पाचांची पाती दुसऱ्या कुणीतरी घासलीत.

लेक : काहीतरीच काय! बाबांनी जन्मात कामाला माणूस ठेवला नाही. त्यांच्या कानशीला मी नुसतं बोट लावलं तरी ओरडायचे.

पारखी : ताई, हे भिंग घ्या. कानशीची रेघ जिथे सुरू होते तिथे खोल असते, सुटते तिथे बारीक. या चारांवर मुठीजवळ खोल, टोकाला बारीक. म्हणजे तुमचे वडील कानस पुढे ढकलायचे. आता ही बघा. उलटं आहे. ही कुणीतरी स्वतःकडे ओढलीय.

काकू : ढकलायला जोर लागतो हो.

लेक : आई?

काकू : कोंबडं झाकून काय उजाडायचं राहतंय? शेवटची सहा वर्षं त्यांचा हात थरथरायचा. पाण्याचा पेला धरवेना, कानस कुठली धरणार? मी घासायचे आणि ते शेजारी बसून चुका काढायचे.

लेक : आणि मला वाटायचं तू चहा घेऊन जातेस! दोन-दोन तास चहा!

काकू : चहाही न्यायचे. भाऊ, तुम्हाला द्यायचा तो भाव द्या, नाहीतर देऊ नका. पण त्यांच्या नावाला बट्टा लावू नका. लोकांनी मासा बघून सुऱ्या घेतल्या. त्या माणसाने चाळीस वर्षांत एक पातं खोटं सांगून विकलं नाही. खोटेपणा असेल तो माझा.

पारखी : काकू, बसा आधी. एकच विचारतो. मूठ कोण बसवायचं?

काकू : तेच. तिला मात्र मला हात लावू द्यायचे नाहीत. दार लावून घ्यायचे. दोन खिळे ठोकायला अर्धा दिवस! मी बाहेरून म्हणायचे, अहो, मला द्या, बोटं फोडून घ्याल. तर आतून उत्तर, "तू जा गं." सगळं माझ्यावर टाकलं आणि मुठीपुरता विश्वास नाही? तेवढं लागलं हो मनाला. अजून लागतंय.

पारखी : गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाची सुरी आली होती माझ्याकडे. तुमच्याकडचीच, या पाचांच्याच वेळची. मूठ तडकली होती, म्हणून काढली. पात्याचं शेपूट मुठीच्या आत लपलेलं असतं ना, तिथे काहीतरी दिसलं. फोटो काढून ठेवलाय. थांबा... हा.

लेक : ठिपके आहेत. तीन. एका ओळीत... म्हणजे जवळजवळ एका ओळीत.

पारखी : टोच्याने ठोकलेले. मला वाटलं, असेल काही खूण. मग दुसरी सुरी आली, तिच्यातही तीन. त्यांच्या जुन्या कामात हे कुठेच नाही. माझ्या वहीत लिहून ठेवलंय, 'अर्थ कळला नाही.'

(काकू फोटोवर बोट ठेवते.)

काकू : मुंगी.

पारखी : काय म्हणालात?

लेक : बाबा आईला मुंगी म्हणायचे. सारखी कामात म्हणून. मी लहान असताना पाटीवर तीन ठिपके काढायचे. हे डोकं, हे पोट, हे ढुंगण, झाली तुझी आई!

काकू : बाई बाई, काय हा माणूस! माझी छाप ठोकत बसायचा आत. आणि मी दाराबाहेर उभी राहून वाट्टेल ते बडबडायचे.

लेक : रडू नकोस ना गं.

काकू : रडू दे. चांगलं रडू आहे हे. भाऊ, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही ती मूठ उघडली नसती, तर हा राग घेऊनच मी वर गेले असते.

पारखी : उपकार कसले? वर्षभर अडलेली माझी ओळ तुम्ही पुरी केलीत, मीच तुमचा ऋणी. आणि खोटेपणा कुठे आहे यात? छापा दोन्ही होत्या, एक दिसत नव्हती एवढंच. जुन्या चार त्यांच्या नावाने जातील, या पाच दोघांच्या. भाव कमी होणं सोडाच, शौकीन लोक उड्या मारतील.

काकू : पाच नाही, चारच. ही एक राहू दे माझ्याकडे.

लेक : मूठ काढून बघायची का आत?

काकू : हात लावू नकोस! त्यांनी बसवलीय.

पारखी : मग उरलेल्या चारांच्या दाखल्यावर कारागीर म्हणून काय लिहू?

काकू : आधी त्यांचं नाव. आणि खाली... द्या ते पेन, मीच काढते.

पारखी : हात टेबलावर टेका, काकू. थरथरतोय. ठिपके वाकडे येतील.

काकू : येऊ देत. त्यांचेही वाकडेच आहेत.