अण्णांचं आखूड पायाचं स्टूल

परदेशातल्या डिझाईन कॉलेजसाठी माझी मुलाखत आमच्या आष्ट्याच्या घरातून, लॅपटॉपवर झाली. तिकडच्या प्राध्यापक बाई म्हणाल्या, "घरातली एखादी चुकीची बनवलेली वस्तू दाखव."

मी वडिलांनी, म्हणजे अण्णांनी बनवलेलं, धार काढायचं स्टूल उचललं. "याचा एक पाय आखूड आहे."

दारातनं अण्णाच ओरडले, "चुकलंय काय त्यात? आपला गोठा उतरता हाय. तितं ठिवून बघ, हलतंय का!"

मी रडवेली होऊन त्याचं इंग्रजी केलं. बाई खूश! पुढचा अर्धा तास त्या अण्णांशीच बोलल्या.

"शिक्षण कुठं झालं?"

"सातवी नापास."

महिन्याभरानं मेल आला. मी वेटिंगवर, आणि अण्णांना व्याख्यानाचं आमंत्रण!

अण्णा म्हणाले, "रडू नगंस. आता वळख झालीया, तुजं बी बघतो."